दर्याचा नारळ आणि हावड्याचे एक झाड

२०२० साली देशाच्या विज्ञानवार्तांमध्ये एक छोटीशी बातमी येऊन गेली. हावडा येथील आचार्य जगदीशचंद्र बोस भारतीय वनस्पती उद्यानातल्या एका वृक्षाची दोन फळे शास्त्रज्ञांच्या हाती आली होती. एक आपोआप गळून पडलेले, वजन सुमारे साडेआठ किलो. दुसरे झाडावरून उतरवलेले, वजन सुमारे अठरा किलो. त्याच बातमीत असेही म्हटले होते की झाडाला बुरशीची लागण झाली आहे, पाने पिवळी पडत आहेत आणि झाड वाचेल अशी आशा फारशी उरलेली नाही. महासाथीच्या त्या वर्षात या बातमीकडे किती जणांचे लक्ष गेले असेल? पण त्या दोन फळांमागे सव्वाशे वर्षे चाललेला एक प्रयोग होता आणि त्या प्रयोगामागे आणखी काही शतकांचा गैरसमजांचा इतिहास होता. माझे शिक्षण भौतिकशास्त्रातले, वनस्पतिशास्त्रातले नव्हे. तरीही विज्ञान म्हणजे काय, हे सांगताना या झाडाची गोष्ट मला पुन्हा पुन्हा उपयोगी पडते, म्हणून ती येथे सविस्तर लिहीत आहे.

या वृक्षाचे शास्त्रीय नाव लोडोइसिया माल्दिविका. फ्रेंच लोक त्याला 'कोको-द-मेर' म्हणजे समुद्राचा नारळ म्हणतात, इंग्रजीत 'डबल कोकोनट' असे नाव आहे. मराठीत तो 'दर्याचा नारळ' किंवा 'जहरी नारळ' या नावांनी वैद्यांच्या आणि काष्ठौषधे विकणाऱ्यांच्या परिचयाचा आहे. वनस्पतिजगतातील सर्वांत मोठे आणि सर्वांत जड बीज याच वृक्षाचे. दोन नारळ एकमेकांना चिकटून वाढावेत तसा त्याचा आकार असतो.

गंमत अशी की ही सगळीच नावे चुकीची आहेत. हा नारळ नव्हे, समुद्रात तो वाढत नाही आणि मालदीवमध्येही तो उगवत नाही. त्याचे जवळचे नातेवाईक नारळाच्या शाखेत नसून ताडाच्या शाखेत आहेत. ताडामध्ये जशी नर झाडे वेगळी आणि मादी झाडे वेगळी असतात तशीच ती याच्यातही असतात. उन्हाळ्यात आपण ताडगोळे खातो. दर्याच्या नारळाच्या कोवळ्या फळातही तसाच पारदर्शक, लिबलिबीत गर असतो. पुढे तोच गर हळूहळू घट्ट होत जाऊन हस्तिदंतासारखा कठीण होतो.

जगात हा वृक्ष निसर्गतः फक्त दोन बेटांवर वाढतो: सेशेल्समधील प्रालँ आणि तिच्या शेजारची इवलीशी क्यूरियूझ. विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारे ४ अंशांवर ही बेटे आहेत. समुद्राच्या मध्यभागी असलेली बहुतेक बेटे ज्वालामुखीची किंवा प्रवाळांची असतात. ही मात्र ग्रॅनाइटची आहेत, कारण ती एका जुन्या खंडाचा तुटलेला तुकडा आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, दख्खनचा लाव्हा वाहत होता त्याच सुमारास, हा तुकडा भारताच्या पश्चिम कडेपासून अलग झाला. सह्याद्रीचा काळा पाषाण आणि सेशेल्सचे एकाकीपण ही एकाच भूगर्भीय उलथापालथीची दोन अपत्ये आहेत, असे म्हणता येईल.

आता इतिहासाकडे वळू.

१७६८ पूर्वी हे झाड कोणत्याही विद्वानाने पाहिल्याची नोंद नाही. पण त्याची फळे मात्र शतकानुशतके माणसांच्या हाती येत होती. ती येत होती लाटांवरून. सेशेल्सपासून मालदीव बेटे दोन हजार किलोमीटरांहून अधिक दूर आहेत. हिंदी महासागरात विषुववृत्ताजवळ ऋतुमानानुसार पूर्वेकडे वाहणारे प्रवाह ही फळे मालदीवच्या किनाऱ्यावर आणून टाकत. तेथे ती राजाच्या मालकीची समजली जात. १६०२ साली जहाज फुटून मालदीवमध्ये अडकलेला आणि तेथे सुमारे पाच वर्षे राहिलेला फ्रेंच प्रवासी फ्रान्स्वा पिरार लिहितो की, एखादा मनुष्य एकाएकी श्रीमंत झाला की त्याला असे फळ सापडले असावे, असा लोक संशय घेत.

झाड कोणी पाहिलेले नाही, फळ मात्र हातात आहे. मग झाडाबद्दल कथा निर्माण होणे अपरिहार्यच होते. मॅगेलनच्या जगप्रदक्षिणेचा वृत्तांत लिहिणाऱ्या पिगाफेट्टाने पूर्वेकडच्या समुद्रातील एका प्रचंड वृक्षाची कथा नोंदवली आहे. त्या वृक्षावर गरुड राहतात, हत्ती उचलून नेण्याएवढे बलाढ्य! गोव्यात स्थायिक झालेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ साली गोव्यातच छापलेल्या आपल्या औषधीविषयक संवादग्रंथात नेहमीच्या नारळाबरोबरच मालदीवच्या या नारळाचीही चर्चा केली. (हाच ओर्ता मुंबई बेटाचा भाडेपट्टेदारही होता.) या फळाचा गर विषावर उतारा आहे, ही समजूत त्याने नोंदवली. मालदीवची भूमी पूर्वी अखंड होती, ती बुडाली आणि बुडालेल्या माडांची ही फळे वर येतात, ही लोकश्रुतीही त्याने दिली. सतराव्या शतकात इंडोनेशियातील अंबोन बेटावर राहून वनस्पतींचा प्रचंड कोश रचणारा रुम्फियस हा तर अत्यंत चिकित्सक निरीक्षक. परंतु त्यानेही हे फळ जमिनीवरच्या झाडाचे नसून समुद्रातच वाढणाऱ्या वनस्पतीचे आहे, असा निष्कर्ष काढला.

विषावरचा उतारा म्हटल्यावर राजेरजवाड्यांना त्याची ओढ लागणे साहजिक होते. व्हिएन्नाच्या कलासंग्रहालयात आजही या करवंटीपासून बनवलेली एक सुरई आहे. सोनाराने चांदीच्या सोनेरी मुलाम्याच्या कोंदणात ती बसवली आहे. सम्राट दुसरा रुडॉल्फ याच्यासाठी अँटोन श्वाइनबर्गर याने १६०२ साली प्राग येथे ती घडवली. आपल्याकडे आणि इराणात फकिरांच्या हातात याच करवंटीचे भिक्षापात्र असे. एकच वस्तू सम्राटाच्या दालनात आणि फकिराच्या हातात असावी, यातच तिच्याभोवतीच्या गूढतेची व्याप्ती दिसते.

येथे भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी जरा थांबून एक प्रश्न विचारावा. इतकी शतके ही फळे मालदीवच्या किनाऱ्यावर येऊन पडत होती, हवामानही उष्ण आणि दमट, तर तेथे एकही झाड का उगवले नाही?

उत्तर आर्किमिडीजच्या तत्त्वात आहे. समुद्राच्या पाण्याची घनता लिटरला सुमारे १.०२५ किलो. अठरा किलोचे बीज तरंगायचे असेल तर त्याने सुमारे साडेसतरा लिटर पाणी बाजूला सारले पाहिजे. आपल्या माडाच्या नारळाला हे सहज जमते, कारण त्याच्याभोवती हवेने भरलेले जाड सोडण असते आणि आतही पोकळी असते. म्हणून तो समुद्रातून प्रवास करून दुसऱ्या किनाऱ्यावर रुजू शकतो. दर्याच्या नारळाचे ताजे, जिवंत बीज मात्र भरीव असते. ते पाण्यात बुडते. ते तरंगू लागते ते आतला गर कुजून गेल्यावर, करवंटी पोकळ झाल्यावर. म्हणजे मालदीवला पोहोचलेले प्रत्येक फळ मेलेले होते. जे तरंगत आले ते रुजण्याजोगे नव्हते. जे रुजण्याजोगे होते ते आपल्या बेटावरून कधी हललेच नाही. रुम्फियससारख्या माणसाची चूक निरीक्षणातील नव्हती. त्याच्यापर्यंत पोहोचणारा पुरावाच असा निवडून आलेला होता की त्यात जिवंत नमुना असणे शक्य नव्हते. विदेच्या अशा एकतर्फी निवडीचे याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही.

या गूढाचा शेवट अनपेक्षितपणे झाला. १७६८ साली मारियों दु फ्रेन याने सेशेल्सकडे पाठवलेल्या फ्रेंच मोहिमेतील भूमापक बारे याला प्रालँ बेटावर ही फळे आणि ती धरणारी झाडे दिसली. दंतकथेतील वृक्ष डोंगरउतारावर शांतपणे उभा होता! पुढे काय झाले, हे आजच्या काळातही ओळखीचे वाटेल. त्या मोहिमेतील दुशमें नावाचा कप्तान १७६९ मध्ये परत आला, त्याने जहाजभर फळे भरली आणि ती भारताच्या बाजारात आणून ओतली. राजांना दुर्मीळ असलेल्या वस्तूचा भाव कोसळला. जहाजे मात्र तेव्हापासून येतच राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईत प्रसिद्ध झालेल्या विल्यम डायमॉक आणि सहकाऱ्यांच्या भारतीय औषधिकोशातही दर्याच्या नारळाची बाजारातील औषध म्हणून नोंद आहे.

शास्त्रीय नावाचे काय? जर्मन शास्त्रज्ञ ग्मेलिन याने १७९१ साली या वनस्पतीला नाव देताना 'मालदीवची' असे विशेषण वापरले. झाड सेशेल्सचे आहे, हे तोवर माहीत झालेले होते. परंतु वनस्पतिनामकरणात आधी दिलेल्या नावाला अग्रक्रम मिळतो, त्यामुळे ती चूक आजही प्रत्येक शोधनिबंधात जशीच्या तशी छापली जाते. गूढाचे वलय तर त्यानंतरही सुटले नाही. पुढे खार्टूममध्ये मारला गेलेला इंग्रज सेनानी चार्ल्स गॉर्डन १८८१ साली प्रालँवर गेला आणि तेथील व्हाले द मे ही दरी म्हणजेच बायबलमधील नंदनवन आणि हेच ज्ञानवृक्षाचे फळ, असे त्याने ठरवून टाकले. ती दरी १९८३ पासून जागतिक वारसास्थळ आहे. अर्थात कारण वेगळे.

दंतकथा बाजूला ठेवून प्रत्यक्ष झाडाकडे पाहिले की आश्चर्य कमी होत नाही, उलट वाढते.

प्रालँची जमीन अतिशय निकस. नत्र आणि स्फुरद ही दोन्ही पोषकद्रव्ये तुटपुंजी. अशा जमिनीवर जगातील सर्वांत जड बीज कसे तयार होते? स्वित्झर्लंड आणि सेशेल्समधील संशोधकांनी २०१५ साली याचे उत्तर प्रसिद्ध केले. झाडाची पाने पंख्यासारखी, घड्या घातलेली आणि कित्येक मीटर लांबीची असतात. पावसाचे पाणी त्या घड्यांतून देठाच्या पन्हळीत आणि तेथून खोडावरून बुंध्याशी उतरते. त्याबरोबर पानांवर साचलेला पालापाचोळा, परागकण, प्राण्यांची विष्ठा असे सगळे वाहून येते. पन्हाळीने छपराचे पाणी हौदात घ्यावे, तशीच ही योजना. परिणामी खोडाला लागून असलेल्या मातीत नत्र आणि स्फुरद यांचे प्रमाण दोन मीटर अंतरावरील मातीच्या किमान दीडपट आढळले. शिवाय पान वाळून गळण्यापूर्वी झाड त्यातील बहुतांश स्फुरद परत ओढून घेते. आपले माळी माडाला आळे करून खत घालतात. हे झाड स्वतःचे आळे स्वतःच करते, आणि त्याच आळ्यात त्याचे जड बीज पडते. म्हणजे आईने कमावलेल्या मातीतच मूल वाढते.

रुजण्याची पद्धतही तशीच विलक्षण. बीज जमिनीवर पडून राहते. महिनोन् महिने काहीच घडल्यासारखे दिसत नाही. मग त्याच्या मधल्या खाचेतून दोरखंडासारखा एक जाड देठ बाहेर येतो आणि जमिनीखालून कित्येक मीटरपर्यंत सरकत जातो. कोंब बीजापाशी फुटत नाही, या दोरखंडाच्या टोकाशी फुटतो. पुढची काही वर्षे हे रोप त्या दोरखंडातून बीजातील अन्न ओढत असते, जणू नाळ जोडलेली असावी. म्हणून हे झाड लावणाऱ्यांसाठी पहिला नियम असा की बीज एकदा रुजू लागले की हलवायचे नाही. दोरखंड तुटला तर सगळे संपले. दुसरा नियम असा की कुंडीचा मोह धरायचा नाही. खोल, निचरा होणारी जमीन, ऊब, ओलावा आणि लहानपणी सावली लागते. तिसरा नियम सर्वांत कठीण: वाट पाहायची. चांगली काळजी घेतलेल्या माडाला पाच-सात वर्षांत पोय येते आणि नारळ वर्षभरात पक्व होतो. दर्याच्या नारळाला त्याच्या मायभूमीतही पहिली फुले येण्यास साधारणपणे २० ते ४० वर्षे लागतात, आणि ते झाड नर आहे की मादी, हे तेव्हाच कळते. एक फळ पक्व होण्यास सहा ते सात वर्षे लागतात. एका पीएचडीला लागतो त्यापेक्षा जास्त वेळ एका फळाला!

वाढलेल्या झाडाच्या बुडाशीही एक नवल आहे. खोडाचा गोलसर तळ एका कठीण वाडग्यात बसलेला असतो. वाडग्याला शेकडो बारीक भोके असतात आणि त्यांतून मुळे बाहेर जातात. उंच, सडपातळ खोड वाऱ्यात डोलते तेव्हा हा सांधा कामी येतो. झाड मेल्यानंतरही तो वाडगा कित्येक दशके जमिनीत शाबूत राहतो.

आता या झाडाला त्याच्या बेटावरून उचलून हुगळीच्या काठी आणण्याची कल्पना करा.

हावड्याच्या उद्यानाची स्थापना १७८७ साली कर्नल रॉबर्ट किड याने ईस्ट इंडिया कंपनीच्या आश्रयाने केली. हेतू उघडपणे व्यापारी होता: साम्राज्याला उपयोगी पडतील अशा वनस्पती येथे रुजवून पाहायच्या. १८७१ ते १८९८ या काळात जॉर्ज किंग हे तेथील अधीक्षक होते. १८९० साली स्थापन झालेल्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पहिले संचालकही तेच. त्यांच्याच कारकीर्दीत, १८९४ साली, सेशेल्सहून आणलेले दर्याच्या नारळाचे बीज या उद्यानात लावले गेले आणि ते रुजले.

विषुववृत्तापासून ४ अंशांवर वाढणारे हे झाड आता साडेबावीस अंशांवर उभे राहायचे होते. सेशेल्समध्ये हिवाळा असा नसतोच. बंगालमध्ये मात्र थंडी पडते, वैशाखात होरपळ होते, पावसाळ्यात नदीकाठची जमीन तुडुंब भिजते. तरीही ते जगले. अगदी सावकाश वाढत राहिले.

१८९४ हे वर्ष आणखी एका कारणाने लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्याच सुमारास नदीपलीकडे कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात जगदीशचंद्र बोस विद्युतचुंबकीय लहरींवरील प्रयोगांना प्रारंभ करीत होते. पुढे त्यांनी ५ मिलिमीटरपर्यंत लहान लांबीच्या लहरी निर्माण केल्या. नंतर तेच बोस वनस्पतींच्या प्रतिसादांकडे वळले. आज ते उद्यान त्यांच्याच नावाने ओळखले जाते. बोसांचे लहरींवरचे काम काही वर्षांत जगभर पोहोचले. त्यांच्याच वर्षी रुजलेले ते रोप मात्र फुलण्यास जवळजवळ एक शतक घेणार होते.

त्या शतकात किंग गेले, त्यांच्या जागी आलेले अधीक्षक गेले. राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला हलली. दोन महायुद्धे, बंगालचा दुष्काळ, फाळणी आणि स्वातंत्र्य येऊन गेले. १९६३ साली उद्यान भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या ताब्यात आले. या साऱ्या काळात कोणीतरी त्या झाडाच्या बुंध्याशी पाणी साचू दिले नाही, कोणीतरी वाळलेली झावळी उतरवली, कोणीतरी त्याची पाटी पुसून पुन्हा लिहिली. त्यांतील बहुतेकांची नावे कोणत्याही शोधनिबंधात नाहीत, आणि त्यांच्यापैकी जवळजवळ कोणीही त्या झाडाचे फूल पाहिले नाही.

अखेर फुले आली, तेव्हा कळले की झाड मादी आहे. आणि परागकण देणारे नर झाड भारतात नाही.

शास्त्रज्ञांनी आसपासच्या देशांत शोध घेतला. श्रीलंकेत पेरादेनिया येथील शाही वनस्पती उद्यानात दर्याच्या नारळाची झाडे आहेत. तेथून परागकण आणून कृत्रिम परागीभवन करून पाहिले. यश आले नाही. परागकण ही निर्जीव भुकटी नव्हे, त्या जिवंत पेशी असतात. उष्णतेने आणि दमटपणाने त्यांची फलनक्षमता घटत जाते. इकडे मादी फूल ग्रहणक्षम असण्याचा काळही मोजकाच. एका देशातील नर पोय आणि दुसऱ्या देशातील मादी पोय यांची वेळ जुळवणे, हाच खरा प्रयोग होता. पुढे २०१३ साली थायलंडमधील एका झाडाचे परागकण आणून पुन्हा प्रयत्न झाला आणि या वेळी फळ धरले. दोन फळे. ती पक्व होण्यास नेहमीप्रमाणे सहा-सात वर्षे लागणार होती, म्हणून आपण येऊन पोहोचतो पुन्हा २०२० मध्ये.

सव्वाशे वर्षांच्या प्रतीक्षेनंतर बीज तयार झाले तेव्हा आईच आजारी होती. येथे ताडकुळातील झाडांची एक मर्यादा समजून घेतली पाहिजे. आंबा किंवा वड यांच्या खोडाला जखम झाली तर सालीखालचा वाढीचा थर नव्या ऊती तयार करून ती हळूहळू बुजवतो. एक फांदी मेली तर दुसरी फुटते. ताड, माड, सुपारी यांच्या खोडात असा थर नसतो. खोडाची जखम कायमची राहते. वाढीचे केंद्रही एकच असते, शेंड्याच्या गाभ्यात. तेथून नवे पान येणे थांबले की झाडाकडे दुसरा मार्ग उरत नाही. त्याच उद्यानातील महावटवृक्षाचे मूळ खोड बुरशीने कुजल्यामुळे १९२५ साली काढून टाकावे लागले. तरीही पारंब्यांच्या आधाराने तो वड आजही पसरतो आहे. दर्याच्या नारळाला पारंब्या नाहीत. त्याच्याकडे भविष्यात जाण्याचा एकच मार्ग आहे, तो म्हणजे बीज.

म्हणूनच त्या अठरा किलोच्या फळाचे मोल. राजांनी ज्या पोकळ करवंट्या सोन्यात मढवल्या, त्यांच्यापेक्षा हे एक भरीव बीज मला शतपटींनी मौल्यवान वाटते; त्याच्यात विषावरचा उतारा आहे म्हणून नव्हे, तर परागीभवनाने धरलेले, आतून भरलेले बीज या भूमीवर तयार होऊ शकते, याचा तो पुरावा आहे म्हणून.

मायभूमीतही या वृक्षाची स्थिती निश्चिंत नाही. आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघटनेने त्याची गणना संकटग्रस्त प्रजातींमध्ये केली आहे. करवंट्या शोभेसाठी विकल्या जातात, गराला पूर्व आशियात मागणी आहे, आणि चोऱ्याही होतात. झाडे उभी दिसतात म्हणून जंगल सुरक्षित आहे, असे वाटते. परंतु बीजे सतत उचलली गेली तर खाली रोपेच नसतील, आणि ही उणीव डोळ्यांना दिसेपर्यंत अर्धे शतक उलटून गेलेले असेल. म्हणून सेशेल्समध्ये परवान्याशिवाय फळाचा व्यापार करता येत नाही आणि काही बीजे मुद्दाम पुन्हा जंगलात लावली जातात.

आपल्याकडे संशोधन प्रकल्प साधारणतः तीन वर्षांचा असतो, फार तर पाच. त्या मुदतीत निष्कर्ष दाखवावा लागतो. बहुतेक प्रश्नांना ही चौकट पुरते आणि तिच्याविरुद्ध माझी सरसकट तक्रार नाही. पण काही प्रश्नांची कालमर्यादा निसर्ग ठरवतो. दर्याच्या नारळाचे एक फळ कोणत्याही प्रकल्पाच्या मुदतीत बसत नाही. त्याचे पहिले फूल एका माणसाच्या नोकरीत बसत नाही. असे प्रश्न संस्थाच सांभाळू शकतात आणि संस्था म्हणजे नुसती इमारत नव्हे. कोणते बीज कोठून आले, कोणत्या वर्षी लावले, परागकण कोणत्या झाडाचे होते, कोणता प्रयत्न फसला, याची अखंड नोंदवही म्हणजे संस्था. १८९४ हे साल आज आपल्याला सांगता येते ते कोणीतरी लिहून ठेवले म्हणून. श्रीलंकेच्या परागकणांचा प्रयत्न फसला, हेही नोंदले गेले. म्हणूनच पुढच्यांना थायलंडकडे वळता आले.

विद्यार्थिमित्रांना एक सुचवावेसे वाटते. आपल्या गावातील किंवा शहरातील जुन्या वनस्पती उद्यानात, महाविद्यालयाच्या बागेत गेलात तर झाडांवरच्या पाट्या वाचा. कोणते झाड कोणी, केव्हा लावले, याची नोंद तेथे आहे का, ते विचारा. नसेल आणि एखाद्या जुन्या माळ्याला ते आठवत असेल, तर लिहून घ्या. एवढे काम कोणत्याही उपकरणाविना करता येते, आणि त्याचा उपयोग कदाचित अशा कोणाला होईल, जो अजून जन्मलेलाही नाही.

आणि कोणाच्या घरी आजी-पणजीच्या औषधांच्या डब्यात उगाळून देण्यासाठी ठेवलेला दर्याच्या नारळाचा तुकडा असेल, तर त्याचे वर्णन खाली प्रतिक्रियेत अवश्य लिहा. तो तुकडा प्रालँच्या एखाद्या डोंगरउतारावरून मुंबईच्या बंदरापर्यंत कसा आला असेल, हे आता तुम्हाला ठाऊक आहे.

#विज्ञानाचा_इतिहास #वनस्पतिशास्त्र #दर्याचा_नारळ